‘पुढच्या बुधवारी या’

ताई, नमस्कार.

माझे मालक गवंडी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या अंगानं गिलावा चालू होता, परांची मोडली आणि ते खाली आले. सरकारी मेडिकल कॉलेजात मणक्याचं ऑपरेशन झालं, पण कमरेखाली जीव नाही. लघवीची नळी कायमची आहे. गुत्तेदारानं औषधाला म्हणून चाळीस हजार दिले, नंतर फोन उचलायचं बंद केलं.

यंदा फेब्रुवारीत अपंगाच्या दाखल्याचा ऑनलाइन अर्ज केला. चार वेळा सिव्हिलला नेलं. पहिल्यांदा ‘आज बोर्ड नाही, पुढच्या बुधवारी या’ म्हणाले. दुसऱ्यांदा हाडाचे डॉक्टर रजेवर. तिसऱ्यांदा ‘नवीन एमआरआय आणा’. चौथ्यांदा तपासलं, कागद ठेवून घेतले, ‘ऑनलाइन येईल’ म्हणाले. त्याला तीन महिने झाले. एसटीत बसवता येत नाही, गाडी करावी लागते, एका फेरीला अठराशे रुपये. तहसीलमध्ये म्हणतात, दाखला नाही तर संजय गांधीचा फॉर्म घेत नाही. मी शाळेवर खिचडी शिजवते, महिन्याला अडीच हजार मिळतात. मुलगी नववीला आहे, मुलगा सहावीला.

सिव्हिलच्या बाहेर एक जण बसतो. सहा हजार द्या, पंधरा दिवसांत दाखला हातात देतो म्हणतो. बचत गटातून उचलून द्यावेत का? मालक म्हणतात, आता नको फिरू माझ्यापायी. आमचं काही चुकलं का ताई?

– एक वाचक, मराठवाडा

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुमचं काहीही चुकलेलं नाही. मणक्याच्या इजेत सहा महिने जाऊ दिल्यावर तपासणी करायची, अशी पद्धत आहे. ते सहा महिने तुम्ही अर्ज केलात त्याच फेब्रुवारीत भरले होते. तुम्ही वेळेत अर्ज केलात, बोलावलं तेव्हा गेलात, मागितला तो कागद दिलात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्याच्या नियमांत आधी दाखल्यासाठी एक महिन्याची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती तीन महिने केली. म्हणजे वाढवून दिलेल्या मुदतीतसुद्धा तुमचा दाखला मे महिन्यात निघायला हवा होता. आता डिसेंबर चालू आहे. दाखला द्यायचा नसेल तर तसं कारणासह लेखी कळवायचं, हेही त्याच नियमांत आहे. ‘ऑनलाइन येईल’ हे त्यातलं काहीच नव्हे.

त्या माणसाला सहा हजार देऊ नका. बचत गटाचं व्याज अंगावर पडेल हे एक. दुसरं म्हणजे तो काय आणून देईल याचा भरवसा नाही. खोट्या मार्गानं दिव्यांगाचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि दाखल्यावर नाव तुमच्या मालकांचं असेल, त्याचं नाही. तुमचे मालक खरोखर अंथरुणाला खिळलेत. खऱ्या माणसाच्या नावावर खोटा कागद कशाला चढू द्यायचा?

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेलीच नाही, पण पत्र वाचताना माझी नजर तिथेच अडकली. गुत्तेदार. कामावर अपघात झाला की काम देणाऱ्यानं किंवा ठेकेदारानं नुकसानभरपाई द्यायची असते. तुमचा अपघात झाला तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू होता, आणि त्यात दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. ऑगस्ट २०२६ ला दोन वर्षं भरतील. उशिराचं सबळ कारण असेल तर दावा नंतरही दाखल करून घेतात, पण त्या आशेवर थांबू नका. या दाव्यासाठी बोर्डाच्या दाखल्याची वाट बघायची गरज नाही. कमावण्याची ताकद किती गेली, हे पात्र डॉक्टरांनी ठरवलेलं चालतं; ज्या मेडिकल कॉलेजात ऑपरेशन झालं तिथले कागद त्याला मोठा आधार आहेत. दवाखान्यात दिलेल्या चाळीस हजारांत गुत्तेदार सुटत नाही. औषधपाण्याचा खर्च वेगळा, भरपाई वेगळी. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे साठ टक्के धरून, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणून भरपाई काढतात. ती काही लाखांत जाते. वेळेत दिली नाही तर वर बारा टक्के व्याज.

यासाठी वकिलाला पैसे द्यायचे नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. स्त्रियांना, दिव्यांगांना, कामगारांना तिथून मोफत वकील मिळतो. जाण्याआधी १५१०० वर फोन केलात तरी ते वाट दाखवतील. जाताना डिस्चार्ज कार्ड घ्या. पोलिसांत अपघाताची नोंद झाली असेल तर तिची नक्कल घ्या, आणि त्या दिवशी साइटवर मालकांबरोबर कोण कोण होतं त्यांची नावं मालकांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा. बिगारी आज एका नाक्यावर असतो, उद्या पुण्याला जातो. नावं आत्ताच लिहा. गुत्तेदारानं पगार फोनवरून पाठवला असेल तर बँकेच्या पासबुकात त्याची नोंद सापडेल. तिची झेरॉक्स काढा. मालक त्याच्याकडेच कामाला होते याचा तो पुरावा आहे.

आणि मालकांना विचारा, बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती का. नाक्यावरच्या बऱ्याच जणांनी पेटीसाठी, भांड्यांसाठी नोंदणी केलेली असते आणि नंतर विसरून जातात. नोंदणी चालू असताना पंच्याहत्तर टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर मंडळाकडून दोन लाखांची मदत आहे. त्याला मात्र दाखला लागेल.

आता दाखल्याकडे येते.

मी नोकरीची शेवटची अकरा वर्षं तहसीलमध्ये संजय गांधी योजनेच्या टेबलावर काढली. तिथला एक प्रसंग तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. एक गृहस्थ होते, पोलिओनं उजवा पाय गेलेला, चपला शिवायचे. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी यायचे. काठी भिंतीला टेकवायचे आणि विचारायचे, ‘बाई, माझं नाव आलं का?’ मी मंजूर झालेल्यांची यादी काढायचे, बोट फिरवायचे, नाव नसायचं. ‘अजून नाही बाबा, पुढच्या मंगळवारी या.’ असं सात महिने चाललं. मार्चअखेरीला गठ्ठे बांधताना त्यांची फाईल हाताला लागली. त्रुटीच्या गठ्ठ्यात होती. रहिवासी दाखल्यावर सही होती, शिक्का नव्हता. तो शिक्का आणायला त्यांना एक सकाळ लागली असती. ‘त्रुटीची पूर्तता करावी’ असं पत्र टाइप होऊन फाईलीतच पडलं होतं, कुणी पाठवलंच नव्हतं. सात महिने मी दर मंगळवारी यादी बघितली, फाईल एकदाही उघडली नाही. तो दोष माझा होता. त्यांचा अर्ज पुढच्या बैठकीत मंजूर झाला, पण पैसे मंजुरीपासून सुरू होतात. गेलेले सात महिने त्यांना कुणी दिले नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते: खिडकीवर जाऊन ‘दाखला आला का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच येणार, आणि तुमचा दिवस जाणार. ‘माझी फाईल कुणाच्या टेबलावर आहे आणि कशासाठी थांबली आहे’ असं विचारा, आणि तेही तोंडी नको, लिहून. तोंडी विचारलेलं ऑफिसात कुठेच उमटत नाही. तुम्ही चार वेळा आलात हे तुम्हाला माहीत आहे, गाडीवाल्याला माहीत आहे. सिव्हिलच्या रजिस्टरात ते कुठेही नसेल. तुमचा दहा महिन्यांचा खोळंबा आज कागदावर अस्तित्वातच नाही. तो कागदावर आणायचा आहे.

मालकांना न्यायची गरज नाही, तुम्ही एकट्या एसटीनं जा. साध्या कागदावर असं लिहा:

‘प्रति, मा. जिल्हा शल्यचिकित्सक. विषय: दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा प्रलंबित अर्ज. महोदय, माझ्या पतींचा स्वावलंबन पोर्टलवरील नोंदणी क्रमांक असा असून अर्ज दिनांक असा आहे. आम्ही पुढील चार तारखांना तपासणीसाठी हजर होतो. दिनांक अमुक रोजी तपासणी पूर्ण झाली व कागदपत्रे जमा करून घेण्यात आली. नियमाप्रमाणे तीन महिन्यांत प्रमाणपत्र देणे किंवा कारणासह लेखी नकार देणे आवश्यक आहे. आमचा अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे व कोणत्या कारणाने प्रलंबित आहे हे लेखी कळवावे. त्रुटी असल्यास ती कळवावी, म्हणजे पूर्तता करता येईल.’

चारही तारखा तुम्हाला केस पेपरवर सापडतील. प्रत्येक वेळी खिडकीवर पाच-दहा रुपयांचा केस पेपर काढलेला असणार, त्यावर तारखेचा शिक्का असतो. ते चार कागद म्हणजे तुमची हजेरी आहे, जपून ठेवा. एखाद्या दिवशी ‘आज बोर्ड नाही’ म्हणून केस पेपर निघाला नसेल तर ती तारीख आठवून लिहा आणि गाडीवाल्याला त्या दिवशीचे पैसे फोनवरून दिले असतील तर ते बघा.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच म्हणजे नुसती सही नव्हे. गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, या तीन गोष्टी दिसल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. क्लार्क म्हणेल, ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो.’ तुम्ही नम्रपणे म्हणा, ‘दाखवा साहेब, पण माझ्या प्रतीवर आवक मारून द्या.’ घेतच नसेल तर पोस्टात जा आणि नोंदणीकृत स्पीड पोस्टानं पाठवा. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई आहे, म्हणून खात्रीनं सांगते: आवक रजिस्टरात चढलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. न चढलेल्याला कुणी वाली नसतो.

त्याच फेरीत एमआरआयची फिल्म आणि मूळ कागद परत मागा. तपासणीला मूळ दाखवायचे, जमा मात्र झेरॉक्स करायच्या. गहाळ झाले तर नवीन एमआरआयचा खर्च तुमच्याच माथी येईल.

अजून एक बारीकसं काम, पण यातच पुष्कळ जणांचं अडतं. ज्या सेवा केंद्रावर फॉर्म भरला, त्यानं मोबाइल नंबर कुणाचा टाकला? तुमच्या पावतीवर बघा. घाईत केंद्रवाला स्वतःचाच नंबर टाकतो, आणि मग तारीख मिळाली, कागद परत आला, दाखला निघाला, असे सगळे मेसेज त्याच्या फोनवर जातात. तो दिवसाला चाळीस फॉर्म भरतो, त्याला कुठलं लक्षात राहणार? मुलीला सांगा, शाळेतून आल्यावर पावतीवरचा नोंदणी क्रमांक टाकून पोर्टलवर स्थिती बघायची आणि त्या पानाचा फोटो तारखेसह ठेवायचा. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का तेही बघा. कदाचित दाखला तिथे आलेलाही असेल. असं मी पाहिलेलं आहे. अर्ज तसाच पडून राहू देऊ नका याला आणखी एक कारण आहे: दोन वर्षं निर्णयच झाला नाही तर अर्ज बाद होतो आणि नव्यानं करावा लागतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. त्यात तक्रार लिहू नका, फक्त विचारा: या नोंदणी क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला काय कारवाई झाली, तो कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे किती दिवस आहे, आणि गेल्या सहा महिन्यांत दिव्यांग तपासणीचं बोर्ड कोणकोणत्या तारखांना बसलं. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. तुम्हाला ‘आज बोर्ड नाही’ म्हणून परत पाठवलं, तो दिवस बोर्डाचा होता की नव्हता, हे त्यातून कळेल. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या अर्जाची दुसरी करामत अशी की उत्तर तयार करण्यासाठी कुणाला तरी फाईल शोधून उघडावीच लागते.

तरीही हललं नाही तर हे सगळे कागद जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार पाठवा. टपालानं पाठवली तरी चालते. दिव्यांगांचा हक्क डावलला गेला तर चौकशी करण्याचा, अधिकाऱ्यांना बोलावण्याचा अधिकार त्या पदाला कायद्यानं दिलेला आहे.

समजा परत तपासणीला बोलावलं. तर मालकांशी आदल्या रात्री बोला. पुरुषमाणसं डॉक्टरांसमोर खाली मान घालून ‘बरं आहे’ म्हणतात, हे मी शेकडो वेळा ऐकलंय. विशेषतः नळीचं, संडासचं कुणी सांगत नाही, लाज वाटते. पण मणक्याच्या इजेत लघवीवरचा ताबा गेला असेल तर टक्केवारीत तो वेगळा धरतात. न सांगितलं तर कागदावर फक्त पाय येतील. पाठीला जखम होत असेल, कूस बदलायला माणूस लागत असेल, रात्री तुम्ही किती वेळा उठता, हे सगळं जसं आहे तसं सांगा. वाढवून सांगू नका, झाकूनही ठेवू नका. त्यांना सांगवत नसेल तर तुम्ही सांगा. आणि मिळालेली टक्केवारी कमी वाटली तर त्यावर अपील करता येतं, तोही हक्क कायद्यातच आहे.

दाखल्याची वाट बघत तहसीलची तयारी थांबवू नका. इथेच बहुतेकांचे महिने जातात: आधी दाखला, मग उत्पन्नाचा दाखला, मग रहिवासी, मग बँक, एकामागून एक. हे सगळं आत्ता एकदम काढायला घ्या. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी चाळीस टक्के अपंगत्व आणि वर्षाला पन्नास हजारांच्या आत उत्पन्न लागतं. तुमची कमाई त्यात बसते. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्यात येतो, पंधरा दिवसांत मिळायला हवा. तो उशिरा दिला तर २०१५ च्या त्या कायद्यात संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड आहे. मालकांचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, बँकेत जाऊन खात्री करा. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं बंद पडलेलं असतं, आणि मंजूर झालेले पैसे त्यामुळे परत गेलेले मी पाहिलेत. ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेत दिव्यांगांना महिना अडीच हजार आहेत. तुमच्या खिचडीच्या मानधनाइतकेच. तुमच्या घरात ही रक्कम म्हणजे मिळकत दुप्पट, हे मला दिसतंय, आणि म्हणूनच एक महिना वाया गेलेलाही मला सोसवत नाही.

दाखला हातात आला की त्याच आठवड्यात तहसीलमध्ये अर्ज द्या, तिथेही पोच घ्या, आणि तिथेही यादी नको, फाईल विचारा. समितीची बैठक कधी आहे ते विचारा, त्याच्या आठ दिवस आधी जाऊन त्रुटी आहे का बघा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला भेटा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. व्हीलचेअर, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी, असं काही त्यातून मागता येईल. ग्रामसभेत मागा, इतिवृत्तात लिहून घ्या.

तुमचे मालक म्हणतात, नको फिरू माझ्यापायी. त्यांना हे पत्र वाचून दाखवा, आणि फिरणं तुमच्याकडे ठेवून लिहिणं त्यांच्याकडे द्या. हात शाबूत आहेत ना? मग अर्जाच्या दोन्ही प्रती त्यांनीच लिहाव्यात, सही त्यांनीच करावी. एक वही घालून द्या: कुठल्या तारखेला कुठे गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, गाडीला किती गेले. परांचीवर कोण कोण होतं ती नावंही त्यांनाच आठवतील. ज्या माणसानं ओळंब्यानं भिंती सरळ केल्या, त्याला हिशेब चोख ठेवता येतो.

सोमवारी शाळेतून रजा मिळत असेल तर सोमवारीच जा. खिडकी उघडताच पोचा, तेव्हा गर्दी कमी असते. स्वतःचं पेन न्या. परत आलात की आवक क्रमांक मला कळवा.